आईची अचानक येणारी मूर्च्छा, मुलीची भोवळ आणि अ‍ॅडेनोसिन: एकाच घरात दोन वेगळे विकार असू शकतात का?

प्रश्न: फोंड्याची वाचक

नमस्कार मंडळी. माझी आई ६२ वर्षांची आहे. तिला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि पहाटे अंगण झाडण्यापासून देवपूजेपर्यंत सगळे ती स्वतःच्या हाताने करते. गेल्या वर्षभरात मात्र ती काही वेळा उभ्या उभ्या कोसळली. अलीकडच्या प्रसंगी ती तुळशीला पाणी घालत होती. लोटी हातातच होती, आणि मी वळून पाहते तो ती वृंदावनाच्या पायरीवर कपाळ आपटून पडलेली. चष्म्याची काच भुवईत रुतली होती. मळमळले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, असे काहीच तिला आठवत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत ती पूर्ण शुद्धीवर आली आणि आपण खाली कशा पडलो हे मलाच विचारू लागली. ईसीजी, इको, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बांधून हृदयाची लय नोंदवणारे यंत्र), मेंदूचा एमआरआय आणि टिल्ट टेबल चाचणी (रुग्णाला फळीवर बांधून उभे करून रक्तदाब व ठोके पाहण्याची चाचणी), यांपैकी कशातही दोष निघाला नाही.

हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले की, रक्तातील अ‍ॅडेनोसिन कमी असणाऱ्या काही व्यक्तींमध्ये अशी पूर्वसूचना न देणारी मूर्च्छा आढळते. त्वचेखाली लूप रेकॉर्डर, म्हणजे हृदयाची लय सतत नोंदवणारे छोटे उपकरण, बसवून खात्री करून घेऊ आणि त्यानंतर थिओफायलिन देऊन पाहता येईल. थिओफायलिन हे नाव मला माहीत आहे ते शेजारच्या आजोबांच्या दम्याच्या गोळ्यांमुळे.

आता दुसरी गोष्ट. माझी मुलगी १६ वर्षांची आहे. शाळेच्या प्रार्थनेत बराच वेळ उभे राहिले, किंवा जत्रेत पालखीची वाट पाहत गर्दीत ताटकळले, की तिला भोवळ येते. तिला आधी कळते: कानात घूं होते, ओठ पांढरे पडतात, तळहात ओलसर होतात. हा साधा वेगस मज्जातंतूचा (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या मज्जातंतूचा) प्रकार आहे, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. पण अशा रुग्णांत अ‍ॅडेनोसिन वाढलेले असते, असे माझ्या वाचनात आले आणि माझा गोंधळ उडाला. एकच पदार्थ कमी असला तरी मूर्च्छा आणि जास्त असला तरी मूर्च्छा, हे कसे? आजी आणि नात यांचा विकार एकच समजून आमचे नातेवाईक दोघींना एकच सल्ला देत आहेत, कोणी चहा बंद करा म्हणतो तर कोणी कडक कॉफी पाजा म्हणतो. जाणकारांनी जरा सविस्तर समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर: शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक, पणजी

आपला प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचे उत्तर अ‍ॅडेनोसिनच्या प्रमाणाइतकेच ते कोणत्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश स्वीकारणाऱ्या कोणत्या जागेवर, जाऊन बसते यात दडलेले आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

पेशी एटीपी हे आपले ऊर्जेचे इंधन खर्च करते तेव्हा त्याचे फॉस्फेट एकामागून एक सुटतात आणि शेवटी अ‍ॅडेनोसिन उरते. एखाद्या ऊतीला प्राणवायू अपुरा पडला किंवा तिचे काम एकदम वाढले की ते जास्त प्रमाणात तयार होते. रक्तात मात्र ते दहा सेकंदही टिकत नाही. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर ते झपाट्याने आत ओढून घेतात, आणि अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज हे विकर त्याचे इनोसिन करून टाकते. हृदयावरील त्याचा परिणाम १९२९ मध्ये केंब्रिज येथे ड्रुरी आणि सेंट-जॉर्जी यांनी प्रथम नीट मांडला: हृदयाची गती मंदावते, वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा संदेश अडतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. या तीन परिणामांपैकी पहिले दोन एका रिसेप्टरचे आणि तिसरा मुख्यतः दुसऱ्याचा, हे पुढे कळले.

अ‍ॅडेनोसिनचे चार रिसेप्टर ज्ञात आहेत. आपल्या प्रश्नापुरते त्यांतील दोन महत्त्वाचे. ए-वन हा हृदयाच्या सायनस नोडमध्ये (जिथे ठोक्याचा संदेश जन्मतो) आणि एव्ही नोडमध्ये (जिथून तो वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जातो) असतो. तो जागा झाला की पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पेशी शांत पडते आणि संदेश पुढे सरकत नाही. ए-टू-ए हा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो आणि त्याच्यामुळे वाहिनी रुंदावते. ए-वन अगदी थोड्या अ‍ॅडेनोसिनलाही प्रतिसाद देतो, तर ए-टू-ए ला तुलनेने जास्त प्रमाण लागते.

एव्ही नोड किती सहज बंद पडू शकतो, हे रुग्णालयात डोळ्यांनी पाहता येते. हृदयाची धडधड एकाएकी दीडशे-दोनशेवर जाऊन अडकली असेल, तर शिरेतून ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन झटक्यात देतात आणि त्याने भागले नाही तर १२ मिलिग्रॅम. मॉनिटरवरची रेघ काही क्षण सपाट होते, रुग्णाची छाती आवळून येते, 'आता संपलेच' असे त्याला वाटते, आणि लगेच हृदय नियमित ठोके देऊ लागते. खाजन शेताच्या मानशीचे, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधातल्या मोरीचे, दार मिटावे तसा एव्ही नोड त्या काही क्षणांपुरता मिटलेला असतो. अलीकडे वरचे कप्पे आपल्या लयीत चालूच असतात, पण पलीकडे काही पोहोचत नाही.

आपल्या आईंच्या बाबतीत जी शक्यता डॉक्टरांनी वर्तवली आहे, ती हीच घटना आपोआप घडण्याची आहे. इटलीतील ब्रिन्योल आणि फ्रान्समधील मार्सेय येथील देआरो व गिए यांच्या गटांनी २०११ पासून प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून असे रुग्ण पुढे आले, ज्यांचे हृदय निरोगी, ईसीजी निर्दोष, मूर्च्छा मात्र पूर्वसूचनेशिवाय, आणि रक्तातील अ‍ॅडेनोसिन इतरांपेक्षा कमी. यातला विरोधाभास असा सुटतो की, ज्या रिसेप्टरना सतत कमी अ‍ॅडेनोसिन मिळते ते मोठ्या संख्येने मोकळे आणि अतिसंवेदनशील राहतात. मग एखाद्या वेळी स्थानिक अ‍ॅडेनोसिन थोडेसे जरी वाढले, तरी एव्ही नोडमधील ए-वन एकदम जागे होतात आणि खालचे कप्पे थांबतात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर शुद्ध हरपायला सहा ते आठ सेकंद पुरतात. रक्तदाब हळूहळू खचत जाण्याचा टप्पाच इथे नसल्यामुळे घाम, मळमळ, अंधारी यांना वेळ मिळत नाही, आणि रक्तवाहिन्या सैलावण्याची बाजू यात फारशी नसल्यामुळे टिल्ट टेबल चाचणी बहुधा नकारार्थी येते. आपण वर्णन केलेले चित्र याच्याशी बरेच जुळते.

आपल्या मुलीची गोष्ट वेगळी. माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोट आणि पाय यांच्या शिरांत उतरते. निरोगी शरीर वाहिन्या आकसून आणि ठोके वाढवून ते सावरते. टिल्ट चाचणीत भोवळ येणाऱ्या अनेक रुग्णांत रक्तातील अ‍ॅडेनोसिन जास्त आणि ए-टू-ए रिसेप्टरही जास्त आढळले आहेत. जास्त अ‍ॅडेनोसिन सतत लाभल्यामुळे त्यांच्या ए-वन रिसेप्टरची धार बोथट झालेली असते आणि रक्तवाहिन्यांवरचा ए-टू-ए चा प्रभाव वरचढ ठरतो. वाहिन्या आकसण्याऐवजी सैलावतात, रक्तदाब पायरीपायरीने उतरतो, आणि त्या उतरण्याच्या काळात कानात घूं होणे, ओठ पांढरे पडणे, तळहात ओले होणे ही सगळी लक्षणे दिसतात. वैशाखातल्या दमट उकाड्यात त्वचेतल्या वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात, त्यामुळे जत्रेच्या गर्दीत हे लवकर घडते.

तेव्हा आजीच्या बाबतीत हृदयातल्या संदेशाची वाट अडते आणि नातीच्या बाबतीत रक्तवाहिन्यांचा ताण जातो. रेणू एक असला तरी जागा वेगळी, यंत्रणा वेगळी, आणि म्हणून उपायही वेगळा. दोघींचे आजीनातीचे नाते या निदानात आड येऊ देऊ नये.

उत्तर: औषधनिर्माणशास्त्रातील एक, मडगाव

वरील विवेचन उत्तम आहे. मी फक्त औषधांच्या बाजूने लिहिते, कारण इथे घरगुती प्रयोगांनी नुकसान होण्याची भीती जास्त आहे.

थिओफायलिन हा चहाच्या पानांतून १८८८ मध्ये कोसेल यांनी वेगळा काढलेला पदार्थ. कॅफिन त्याचे सख्खे भावंड. दोन्ही अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि अ‍ॅडेनोसिनला जागा मिळू देत नाहीत. दम्यात ते श्वासनलिका मोकळ्या करण्यासाठी वापरले गेले, तर इथे एव्ही नोडवरचा ए-वन झाकण्यासाठी वापरायचे आहे. गोळी तीच, हेतू निराळा. पण कपभर चहातले थिओफायलिन नगण्य असते, तेव्हा चहा वाढवून हा उपचार साधेल असे कोणी समजू नये.

या औषधाची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी आहे. दम्यासाठी रक्तातील पातळी परंपरेने १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी धरली जाई. तिच्या वर गेल्यास उलट्या, हातांना कंप, हृदयाची अनियमित धडधड, आणि फारच वाढल्यास आकडीसुद्धा येऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके सोबत घेतली की थिओफायलिनची पातळी चढते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, किंवा धूम्रपान, यांनी ती उतरते. पावसाळ्यात ताप-खोकल्यासाठी कुठल्याही दवाखान्यातून प्रतिजैविक आणले जाते, तेव्हा आई थिओफायलिन घेतात हे आधी सांगितले पाहिजे. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती चावून किंवा कुटून घेऊ नये, कारण मग दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते.

आणखी एक बारकावा, जो दुकानात सहज निसटतो. आपल्याकडे डॉक्सोफायलिनही दम्यासाठी सर्रास मिळते, आणि ते सौम्य असल्यामुळे थिओफायलिनच्या जागी तेच द्यावे, असे काउंटरवर कोणी सुचवू शकते. परंतु डॉक्सोफायलिन सौम्य आहे त्याचे एक कारण हेच की, अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरशी त्याची जवळीक फार कमी आहे. दम्याच्या रुग्णाला तो गुण ठरतो, पण आपल्या आईंना ज्यासाठी औषध द्यायचे तोच परिणाम त्यात नाही. चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच घ्यावे.

उलट्या दिशेची औषधेही लक्षात ठेवावीत. डायपिरिडामोल आणि हृदयविकारानंतर दिले जाणारे टिकाग्रेलॉर ही दोन्ही पेशींना अ‍ॅडेनोसिन आत ओढू देत नाहीत, त्यामुळे ते बाहेर साचते. टिकाग्रेलॉर घेणाऱ्या काहींना दम लागतो किंवा हृदयाच्या ठोक्यांत विराम पडतो, त्यामागे हा धागा मानला जातो. आईंना किंवा घरातल्या कुणालाही यांपैकी काही चालू असेल, तर ते मूर्च्छेच्या इतिहासासोबत डॉक्टरांना सांगावे. मात्र चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नये. स्टेंट बसवलेल्या माणसाने टिकाग्रेलॉर सोडणे जिवावर बेतू शकते.

चहाबद्दल एवढेच सांगते: रोज घेणाऱ्याने तो अचानक तोडू नये. कॅफिनची सवय झाली की शरीर अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर वाढवते. कडक उपासाला चहाही न घेणाऱ्यांचे डोके दुपारपर्यंत ठणकू लागते, ते वाढलेले रिसेप्टर एकाएकी मोकळे झाल्यामुळे. आई दोन वेळा चहा घेत असतील तर तसाच चालू ठेवावा, आणि मुलीला मुद्दाम कडक कॉफी पाजू नये. अ‍ॅडेनोसिन वापरून हृदयाची एखादी चाचणी करायची असेल, तेव्हा मात्र आधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. किती तास, हे चाचणी करणाऱ्यांकडून विचारून घ्यावे.

उत्तर: डिचोलीकर

मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीसारखा प्रकार मला तरुणपणापासून आहे, आणि गावच्या जत्रेत नाटकात काम करण्याची हौसही आहे, म्हणजे रंगवलेला चेहरा, भरजरी अंगरखा, दिव्यांची धग आणि एकाच जागी खिळून उभे राहण्याचे प्रवेश हे सगळे नशिबी आलेच. मला डॉक्टरांनी जे शिकवले ते मुलीला शिकवा, कारण ते विनामूल्य आहे आणि उपयोगी पडते.

कानात घूं सुरू झाले की पहिल्याच क्षणी पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळायचे, आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून बाहेरच्या दिशेने ओढायची. हे करताना श्वास रोखायचा नाही. मी अंगरख्याच्या आत हे कितीतरी वेळा केले आहे आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागत नाही. तरीही बरे वाटले नाही तर लाज न बाळगता खाली बसायचे, शक्य असेल तर आडवे होऊन पाय उंच करायचे. लोक उचलून उभे करायला धावतात, ते मात्र होऊ द्यायचे नाही. उभे केले की मेंदूकडचे रक्त आणखी तुटते. शाळेत तिच्या एखाद्या मैत्रिणीला आणि वर्गशिक्षकांना हे समजावून ठेवा. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, दातांत चमचा घालणे यांतले काहीही करू नये.

जत्रेला निघण्याआधी मी दोन-तीन पेले पाणी पितो आणि सकाळी मिठाची पेज व लोणचे खातो. रक्तदाब नसलेल्या तरुण माणसाला मीठ थोडे जास्त चालते, असे मला सांगितले आहे. तुमच्या आईंसाठी मात्र हे विचारूनच करा.

उत्तर: सेवानिवृत्त भिषक, म्हापसा

या चर्चेत अ‍ॅडेनोसिनला जे स्थान मिळाले आहे त्याला थोडी मर्यादा घालणे मला आवश्यक वाटते, आणि ती मी या विषयाबद्दल आस्था असल्यामुळेच घालत आहे.

वेगस मज्जातंतूच्या अशा भोवळीसाठी 'व्हॅसोव्हेगल' ही संज्ञा टॉमस लुइस यांनी १९३२ मध्ये रूढ केली, तेव्हापासून आपल्याला हे ठाऊक आहे की तरुण मुलीची प्रार्थनेतली भोवळ केवळ इतिहास ऐकून निदान करता येते. तिच्या रक्तातील अ‍ॅडेनोसिन मोजून उपचारात काही फरक पडणार नाही. आणि मोजायचे म्हटले तरी ते सोपे नाही: नमुना काढल्याबरोबर नळीतच अ‍ॅडेनोसिन नाहीसे होऊ लागते, म्हणून शोषण आणि विघटन रोखणारे द्रव्य आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवावे लागते, अन्यथा निघालेला आकडा निरर्थक असतो. नेहमीच्या प्रयोगशाळेत ही सोय नसते. कोणी साध्या नळीत रक्त घेऊन हा अहवाल देऊ केला, तर त्यावर विसंबू नये.

अ‍ॅडेनोसिन किंवा एटीपी टोचून एव्ही नोड किती वेळ बंद पडतो हे पाहण्याची चाचणीही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात २० मिलिग्रॅम एटीपी दिल्यावर ज्यांचे हृदय १० सेकंदांहून अधिक काळ थांबले अशा, बहुतांशी सत्तरी ओलांडलेल्या ८० रुग्णांना पेसमेकर बसवून दोन गटांत विभागले होते. ज्यांचा पेसमेकर पूर्ण कार्यरत ठेवला त्यांच्यात मूर्च्छा पुन्हा येण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. हे महत्त्वाचे आहे. परंतु दुसऱ्या बाजूला, या चाचणीत नोड बंद पडलेल्या अनेक रुग्णांना नंतर प्रत्यक्ष मूर्च्छा आली तेव्हा लूप रेकॉर्डरवर वेगळेच कारण दिसले, आणि म्हणून २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ या चाचणीच्या आधारावर पेसमेकरचा निर्णय नेहमीच्या पद्धतीने घेण्यास पाठिंबा दिलेला नाही. थिओफायलिनचे चांगले अनुभवही आतापर्यंत लहान गटांतले आहेत.

म्हणून आईंच्या डॉक्टरांनी लूप रेकॉर्डर आधी आणि औषध नंतर, हा जो क्रम सुचवला आहे, तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये काही महिन्यांनी एकदा येणारी घटना सापडणे हा नशिबाचा भाग आहे. करंगळीएवढे हे उपकरण छातीच्या त्वचेखाली तीन वर्षांपर्यंत नोंद ठेवू शकते. त्या नोंदीत काय पाहायचे तेही सांगतो, म्हणजे अहवाल हातात आल्यावर तुम्हाला योग्य प्रश्न विचारता येईल. मूर्च्छेच्या आधी वरच्या कप्प्यांची गती मंदावत गेली, पीआर अंतर (वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे संदेश पोहोचायला लागणारा वेळ) लांबत गेले आणि मग संदेश अडला, तर ते वेगस मज्जातंतूचे काम. वरच्या कप्प्यांची गती तशीच राहून किंवा वाढून, कोणतीही पूर्वतयारी न दिसता संदेश एकाएकी तुटला, तर वरच्या शिक्षकांनी वर्णिलेल्या प्रकाराला बळ मिळते. तिसरी शक्यता हृदयाच्या वाहक तंतूंच्या झिजेची. पण त्यात ईसीजीवर बहुधा बंडल ब्रँच ब्लॉकसारखी (खालच्या कप्प्यांतल्या वाहक तंतूंची एक शाखा अडल्याची) खूण आधीच असते आणि पुढे कायमचा ब्लॉक होण्याचा धोका असतो. कमी अ‍ॅडेनोसिनच्या प्रकारात तसा कायमचा ब्लॉक झाल्याचे दीर्घ निरीक्षणातही दिसलेले नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. चौथी शक्यता अशी की, नोंद झालेल्या मूर्च्छेच्या वेळी हृदयाची लय अगदी ठीक निघेल. मग हृदयाकडचा शोध थांबवून इतरत्र पाहावे लागेल, आणि तीही मोलाची माहिती आहे.

फोंड्याची वाचक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रेकॉर्डर बसवण्याचे आम्ही ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. आई अजून स्कूटर चालवते. बाजार, देऊळ, बहिणीकडे जाणे सगळे तिच्यावरच होते, आणि ती थांबवायला तयार नाही. दुसरे, पेसमेकरऐवजी गोळीने भागत असेल तर गोळीच बरी, असे तिला वाटते. हे कितपत बरोबर आहे?

उत्तर: शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक, पणजी

स्कूटरबद्दल कसलीही तडजोड नको. आपल्या मुलीला निदान बाजूला थांबण्याइतका वेळ मिळतो. आईंना तो मिळत नाही, आणि फोंड्याच्या चढ-उतारांवर समोरून खनिजाचा ट्रक येत असताना सहा सेकंदांची मूर्च्छा काय करू शकते हे वेगळे सांगायला नको. कारण सापडून उपचार लागू पडल्याचे डॉक्टर म्हणेपर्यंत त्यांनी वाहन चालवू नये, विहिरीच्या काठावर एकटीने पाणी काढू नये, नदीत किंवा समुद्रात उतरू नये, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नये. त्यांना हे तुमच्याकडून पटणार नाही असे वाटत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर सांगायला लावा.

गोळी की पेसमेकर, हा निर्णय नोंदीवर अवलंबून राहील. नोंदीत एव्ही नोड एकाएकी बंद पडून हृदय थांबलेले स्पष्ट दिसले, तर पेसमेकरमुळे मूर्च्छा टळते. कारण नोड मिटला तरी खालच्या कप्प्यांना ठोक्याचा संदेश यंत्राकडून मिळतो. थिओफायलिनचा फायदा असा की शस्त्रक्रिया टळते आणि रेकॉर्डर बसलेलाच असल्यामुळे औषधाने विराम खरोखर कमी झाले का हे पडताळून पाहता येते. तोटा असा की ते रोज, वर्षानुवर्षे, वेळेवर घ्यावे लागते, आणि मडगावच्या ताईंनी सांगितलेले सगळे धोके वयाबरोबर वाढत जातात. ६२ व्या वर्षी, वारंवार कपाळ फुटण्याइतक्या जखमा होत असताना, मी स्वतःच्या आईसाठी पेसमेकरकडे झुकलो असतो. पण जखमांचे प्रमाण कमी असेल आणि औषध सोसत असेल, तर काही महिने गोळी देऊन पाहण्यातही गैर नाही. शेवटचा शब्द त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा.

तोपर्यंत एक वही घाला. प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्या आधी त्या बसलेल्या होत्या की उभ्या, काय खाल्ले-प्यायले होते, कोणते औषध नव्याने सुरू झाले होते, पडताना चेहरा पांढरा पडला होता की नेहमीसारखा होता, हातपाय झटकले का आणि किती सेकंद, शुद्ध आल्यावर बोलणे लगेच नीट होते की गोंधळलेले, हे पाहणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. हातपाय दोन-चार वेळा झटकले म्हणजे ती फेफऱ्याची आकडीच, असे नाही. मेंदूला रक्त कमी पडले तरी तसे होते, आणि लगेच आलेली स्वच्छ शुद्ध हा त्या दोहोंतला मोठा फरक आहे. रेकॉर्डर बसवल्यावर त्यासोबत घटना नोंदवायचे बटण दिले, तर ते आईंच्या हाती न ठेवता घरातल्या ज्या व्यक्तीचा त्यांच्यासोबत सर्वाधिक वेळ जातो तिच्याकडे द्या. मूर्च्छा आली की आधी त्यांना आडवे करा, मग बटण दाबा, आणि दोन मिनिटांत पूर्ण शुद्ध आली नाही, छातीत दुखू लागले किंवा डोक्याला मार लागला असेल, तर १०८ ला फोन करा.